इन्सुलिन कशाने बिघडते

इन्सुलिन हे प्रथिन आहे, आणि ते कसे ठेवावे याचे बहुतेक नियम या एकाच गोष्टीतून निघतात. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एक २१ ची आणि दुसरी ३० ची, गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. या साखळ्यांतला क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकात उलगडला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूची त्रिमितीय घडी डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये दाखवून दिली. रक्तातली साखर उतरते ती या घडीमुळे. साखळ्या जशाच्या तशा राहिल्या आणि घडी तेवढी विस्कटली, तरी पेशी त्या रेणूला ओळखत नाहीत. गोळ्यांचे पाकीट कपाटात वर्षभर पडून राहिले तरी फारसे बिघडत नाही. इन्सुलिनच्या बाटलीचे तसे नसते.

बाटलीत इन्सुलिनचे रेणू सहसा सुटे फिरत नाहीत. जस्ताच्या अणूंभोवती सहा-सहा रेणूंचे गट बनतात आणि या गटात असताना ते टिकतात. एकेकटा सुटलेला रेणू नाजूक असतो. कंपन्या इन्सुलिनमध्ये फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल घालतात ते जंतू वाढू नयेत म्हणून, पण त्याच पदार्थांमुळे सहा रेणूंचा गटही घट्ट राहतो. इन्सुलिनला येणारा दवाखान्यासारखा वास याच पदार्थांचा असतो. इन्सुलिन पार निकामी झाले तरी हा वास तसाच राहतो, म्हणून वास घेऊन काही कळत नाही.

इन्सुलिन बिघडण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचा वेगही वेगळा आहे. पहिली वाट संथ रासायनिक बदलाची. काही अमिनो आम्ले पाण्याशी क्रिया करून हळूहळू बदलतात, काही रेणू एकमेकांना कायमचे चिकटतात. हे फ्रीजमध्येही चालू असते, पण इतके सावकाश की बाटलीवर छापलेल्या अंतिम मुदतीपर्यंत औषधाची ताकद पुरेशी राहते. उष्णता वाढली की हा वेग वाढतो. दुसरी वाट तंतू बनण्याची. गटातून सुटलेला रेणू अर्धवट उलगडतो, तसाच दुसरा त्याला येऊन चिकटतो, आणि बघता बघता लांब, न विरघळणारे धागे तयार होतात. याला उष्णता लागते, आणि तिच्या जोडीला हिसके व हवा. द्रव आणि हवा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर रेणू उलगडायला सोपे जाते, त्यामुळे अर्धी रिकामी बाटली खिशात घालून दिवसभर मोटारसायकलवर हिंडवली तर तिचे हाल भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त होतात. तिसरी वाट गोठण्याची, आणि तिच्याकडे घरोघरी सर्वात कमी लक्ष असते.

पाणी गोठते तेव्हा बर्फाचे स्फटिक फक्त पाण्याचे बनतात. उरलेल्या द्रवात इन्सुलिन, क्षार आणि जस्त दाटून येतात, रेणू एकमेकांवर लोटले जातात आणि गुठळ्या होतात. काही इन्सुलिने मुळातच गढूळ असतात; त्यांत तर औषधच बारीक स्फटिकांच्या रूपात तरंगत असते. गोठताना ते स्फटिक तुटतात, एकत्र चिकटतात, आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा सारखे पसरत नाहीत. पेनच्या काचेच्या कार्ट्रिजला डोळ्यांना न दिसणारी चीर जाऊ शकते. गोठून वितळलेल्या इन्सुलिनमध्ये थोडीफार ताकद शिल्लक असूही शकते, पण प्रत्येक डोसमध्ये ती किती हे सांगता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते इन्सुलिन म्हणून टोचता येत नाही. ते टाकून द्यायचे, याला अपवाद नाही. उन्हात गेलेल्या बाटलीबद्दल विचार करायला वाव असतो, गोठलेल्या बाटलीबद्दल नसतो.

फ्रीजमधली जागा

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. घरातल्या फ्रीजचे तापमान या पट्ट्यात असते असे बहुतेक जण धरून चालतात. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या एका पाहणीत युरोप आणि अमेरिकेतल्या ३८८ मधुमेहींनी आपल्या इन्सुलिनशेजारी तापमान नोंदवणारी छोटी उपकरणे सरासरी ४९ दिवस ठेवली. फ्रीजमधले इन्सुलिन दिवसातून सरासरी अडीच तासांहून जास्त वेळ ठरलेल्या पट्ट्याबाहेर होते. त्याहून वाईट म्हणजे, १७ टक्के उपकरणांनी कधी ना कधी शून्याखालचे तापमान नोंदवले. त्या लोकांनी निष्काळजीपणा केला असे नाही. त्यांनी इन्सुलिन फ्रीजमध्येच ठेवले होते.

आपल्याकडच्या एका दाराच्या फ्रीजमध्ये हा धोका जास्त असतो. वर बर्फाचा कप्पा, त्याच्या लगेच खाली दूध-मांस ठेवायचा थंड ट्रे. उन्हाळ्यात फ्रीजचे बटण सर्वात जास्त थंडीवर फिरवले जाते, आणि घरातल्या माणसाला वाटते की महागडे औषध आहे, ते सर्वात थंड जागी असलेले बरे. मग बाटली त्या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवली जाते. मागच्या भिंतीवर दव गोठलेले दिसत असेल तर तिला टेकलेली बाटलीही गोठू शकते. दोन दाराच्या फ्रीजमध्ये थंड हवा जिथून आत येते त्या फटीसमोरची जागा अशीच धोक्याची.

काही परदेशी माहितीपत्रकांत इन्सुलिन फ्रीजच्या दारात ठेवू नये असे लिहिलेले असते, कारण दार उघडले की तिथले तापमान वरखाली होते. आपल्याकडचे अनेक डॉक्टर नेमके उलटे, दारातच ठेवा, असे सांगतात. एका दाराच्या जुन्या फ्रीजसाठी डॉक्टरांचा सल्ला जास्त व्यवहारी आहे. दारात तापमान काही अंशांनी वाढते, त्याने आठवड्यांत होणारा बिघाड किंचित लवकर होईल. मागच्या भिंतीला तो एका रात्रीत होतो. त्यातल्या त्यात चांगली जागा मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. डब्यामुळे थंड हवेचा झोत थेट लागत नाही, भाजीचे पाणी खोक्याला लागून लेबल पुसले जात नाही, आणि घरातली मुले बाटली इकडची तिकडे करत नाहीत. डब्यात एक साधा थर्मामीटर ठेवला तर अंदाजाने चालण्याची गरज राहत नाही. बाटली तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच असावी, कारण उजेडही तिला मानवत नाही.

वीज गेली की घरात घबराट होते. ती बहुतेक वेळा अनाठायी असते. दार बंद ठेवले तर फ्रीज साधारण चार तास थंड राहतो, आणि त्यानंतर आतले तापमान चढले तरी न उघडलेले इन्सुलिन काही तासांत बिघडत नाही. भारनियमनाच्या काळात खरी चूक वेगळीच होते: फ्रीज बंद पडला म्हणून बाटली बर्फाच्या कप्प्यात हलवली जाते. वीज आली की तो कप्पा पुन्हा गोठवायला लागतो, आणि बाटली तिथेच राहून जाते.

दुकानातून घरी येईपर्यंतचा टप्पाही याच हिशेबात धरायचा. मेडिकलवाल्याने बाटली फ्रीजमधून काढून दिली की फळीवरून, हे पाहायला हवे. काही दुकानदार सोबत बर्फाची जेल-पिशवी देतात. ती बाटलीला चिकटून राहिली तर बाटली गोठू शकते. मध्ये रुमाल किंवा वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या असाव्यात. घर जवळ असेल तर काहीच नसलेले बरे.

वापरात असलेली बाटली

एकदा सुई टोचली की बाटलीचे आयुष्य वेगळ्या नियमाने मोजले जाते. बहुतेक इन्सुलिनची बाटली किंवा पेन वापरायला काढल्यावर २८ दिवस चालतात. डेटेमिर या प्रकाराचे इन्सुलिन ४२ दिवस, डेग्लुडेक प्रकाराचे ५६ दिवस. काही मानवी इन्सुलिनच्या बाटल्यांना सहा आठवडे दिलेले असतात. तापमानाची वरची मर्यादा कुठे २५ अंश असते, कुठे ३०. बाटलीसोबतच्या पत्रकात जे लिहिले असेल ते त्या बाटलीपुरते खरे, शेजाऱ्याच्या पेनचा नियम आपल्या पेनला लागू होत नाही. खोक्यावरची अंतिम मुदत दोन वर्षांनंतरची असली तरी उघडलेल्या बाटलीला तिचा उपयोग नाही. न उघडलेली बाटली फ्रीजबाहेर राहिली, तरी तिचे हे दिवस बाहेर काढल्यापासूनच मोजायचे.

हे दिवस फक्त ताकदीसाठी ठरवलेले नाहीत. बाटलीच्या रबरी बुचातून रोज सुई जाते, थोडी हवा आत जाते, जंतुनाशकाचा काही अंश रबरात मुरतो. चार-सहा आठवडे उलटल्यावर आतला द्रव निर्जंतुक राहील याची हमी कंपनी देत नाही.

आता साधा हिशेब. भारतात सरकारी रुग्णालयांत आणि अनेक दुकानांत मिळणारी बाटली १० मिलिलिटरची, दर मिलिलिटरला ४० युनिटची, म्हणजे एकूण ४०० युनिटची असते. दिवसाला २० युनिट घेणाऱ्याची ती २० दिवसांत संपते आणि मुदतीचा प्रश्नच येत नाही. पण रात्री फक्त १० युनिट घेणाऱ्या वयस्कर माणसाला ती ४० दिवस पुरते, म्हणजे बहुतेकदा २८ दिवसांच्या पुढे. पेनच्या कार्ट्रिजमध्ये ३ मिलिलिटर, ३०० युनिट. दिवसाला ८ युनिट घेणारा सदतीस दिवसांनी शेवटचा डोस घेतो. थोडे इन्सुलिन लागणाऱ्या माणसांकडेच जुने इन्सुलिन सर्वात जास्त सापडते. औषध फेकायचे जिवावर येते, ते समजण्यासारखे आहे, पण त्यावर उपाय मोठ्या बाटलीऐवजी लहान कार्ट्रिज घेण्याचा आहे, मुदत ओढत नेण्याचा नाही. बाटली उघडताच लेबलावर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहिली तर लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

वापरातले इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचे की बाहेर, याबद्दल घरोघरी वाद असतात. थंड इन्सुलिन टोचताना झोंबते. सुई लावलेले पेन फ्रीजमध्ये ठेवले तर तापमान उतरताना द्रव आकसतो आणि सुईतून हवा आत ओढली जाते. बाहेर आल्यावर द्रव फुगतो आणि थेंब गळतो. गढूळ इन्सुलिनचे पेन असेल तर गळतो तो बहुधा पाण्याचा भाग, स्फटिक आत राहतात, आणि पुढच्या डोसांची ताकद बदलते. म्हणून वापर झाला की सुई काढून टाकायची, हा नियम फ्रीज असो वा नसो पाळायचा. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात पेन कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात मात्र तेच कपाट ४० अंशांवर जाते. तिथे वापरातली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून तळहातात धरावी. गरम पाण्यात बुडवणे किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे म्हणजे वर सांगितलेली तंतू बनण्याची वाट स्वतःहून उघडणे.

घरातल्या काही जागा सोयीच्या वाटतात पण थंड नसतात. फ्रीजच्या डोक्यावर मागून येणारी गरम हवा साचते. स्वयंपाकघरातली गॅसजवळची फळी, दूरदर्शन संचाच्या मागची जागा, समईशेजारचा देवघरातला कोनाडा, पश्चिमेची खिडकी या सगळ्या टाळायच्या जागा आहेत.

विदर्भाचा उन्हाळा, कोकणाचा दमटपणा

फ्रीज नसलेल्या घरांसाठी माठाचा उपाय जुना आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. कच्च्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जाते. दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या पोकळीत ओली वाळू भरली तर परिणाम आणखी चांगला. आतल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बंद डब्यात इन्सुलिन ठेवायचे, वर ओले फडके टाकायचे, आणि मडके सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवायचे. वारा नसला तर मडके थंड होत नाही. बंद कपाटात ठेवलेला ओला माठ निरुपयोगी.

मडके किती थंड होईल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, जशी नागपूर-चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्याच्या दुपारी असते, तर बाष्पीभवनाने जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरता येते. प्रत्यक्षात मडके त्याहून काही अंश वर थांबते, तरी इन्सुलिन वाचते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना हाच आकडा २८ च्या आसपास येतो. तिथे माठाने फार तर चार-पाच अंशांचा दिलासा मिळतो. विदर्भात माठावर भिस्त ठेवता येते, कोकणात ती फ्रीजवर किंवा शेजारच्या फ्रीजवर ठेवावी. पाण्यात भिजवून वापरायची जी कापडी पाकिटे मिळतात तीही याच तत्त्वावर चालतात, आणि त्यांच्यावरही हीच मर्यादा आहे. ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर काहीच करत नाहीत.

उष्णतेबद्दलची भीती थोडी कमी करणारे संशोधन गेल्या काही वर्षांत झाले आहे. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था यांनी केनियातील दादाब निर्वासित छावणीतल्या घरांचे तापमान मोजले: रात्री २५ अंश, दिवसा ३७. प्रयोगशाळेत इन्सुलिनच्या अनेक प्रकारांना चार आठवडे याच चढउतारात ठेवले. ताकद एक टक्क्याहून जास्त घटली नाही. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी छावणीतल्या मधुमेहींना दिवसातून अनेकदा दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे लागे, कारण औषध घरी देणे धोक्याचे मानले जाई. २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवले तरी त्याची ताकद उपचाराच्या दृष्टीने घटत नाही असे दिसले. सरकारी रुग्णालयांतून दिले जाणारे रेग्युलर, एनपीएच आणि ३०/७० मिश्रण हे याच मानवी इन्सुलिनचे प्रकार.

हे वाचून फ्रीज सोडून द्यायचे कारण नाही. दोन्ही अभ्यासांची वरची सीमा ३७ अंश आहे आणि विदर्भातले घर मे महिन्यात तिच्या खूप वर जाते. शिवाय हे आकडे शांत ठेवलेल्या बाटल्यांचे आहेत, खिशात हिंदकळणाऱ्या बाटल्यांचे नाहीत. त्यांचा उपयोग वेगळा आहे: दोन दिवस फ्रीज बंद पडला म्हणून महिन्याभराचे इन्सुलिन फेकून देणे, किंवा त्याहून वाईट, फ्रीज नाही म्हणून इन्सुलिनच बंद करणे, या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

प्रवासात सर्वात घातक जागा म्हणजे उन्हात उभी केलेली मोटार आणि स्कूटरची डिकी. बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते, आणि स्कूटरच्या सीटखाली वरून ऊन व खालून इंजिन अशी दुहेरी आच लागते. एसटीत बॅग टपावर किंवा डिकीत न देता इन्सुलिन मांडीवरच्या पिशवीत ठेवावे. विमानात ते हातातल्या सामानातच असावे, कारण सामानाच्या कक्षात ते गोठण्याची शक्यता असते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. सुरक्षा तपासणीच्या क्ष-किरण यंत्रातून बाटली गेल्याने काही होत नाही.

मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. तिथे माणसांसाठी ४० युनिटचे इन्सुलिन मिळत नाही, बहुतेक १०० युनिटचे मिळते, आणि सिरिंजही बहुतेक १०० च्याच. भारतातून नेलेल्या ४० च्या बाटलीतून तिथल्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. साखर चढते आणि दोष प्रवासात तापलेल्या बाटलीला दिला जातो. उलट, तिथल्या १०० च्या बाटलीतून इथल्या लाल टोपीच्या सिरिंजने २० भरले तर ५० युनिट जातात, आणि ते जिवावर बेतू शकते. बाटली ज्या मापाची, सिरिंज त्याच मापाची हवी. आपल्याकडे ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी.

डोळ्यांना काय दिसते

पाहण्याआधी आपले इन्सुलिन मुळात कसे दिसते हे माहीत असावे लागते. रेग्युलर, लिस्प्रो, अॅस्पार्ट, ग्लार्जिन, डेटेमिर, डेग्लुडेक ही सर्व पाण्यासारखी स्वच्छ असतात. एनपीएच आणि मिक्सटार्ड किंवा ह्युमिन्सुलिन ३०/७० सारखी मिश्रणे गढूळच असतात. त्यांत माशांपासून मिळणाऱ्या प्रोटामिन या प्रथिनाशी बांधलेले इन्सुलिनचे स्फटिक असतात. प्रत्येक मिश्रण गढूळ असते असेही नाही, डेग्लुडेक आणि अॅस्पार्ट यांचे मिश्रण स्वच्छ असते. त्यामुळे नवे इन्सुलिन लिहून दिले की पहिल्या दिवशी बाटली उजेडात धरून नीट पाहून ठेवावी.

स्वच्छ इन्सुलिन जरासेही धुरकट झाले, त्यात कण किंवा धागे तरंगताना दिसले, रंग पिवळसर झाला, तर ते वापरायचे नाही. धुरकटपणाचे एक कारण बिघाडाखेरीज वेगळेही असते. एकाच सिरिंजमध्ये दोन इन्सुलिन भरणारे लोक आधी गढूळ आणि मग स्वच्छ भरतात तेव्हा गढूळाचा अंश स्वच्छ बाटलीत जातो. म्हणून आधी स्वच्छ, मग गढूळ. ग्लार्जिनला तर दुसरे कोणतेच इन्सुलिन सोसत नाही. ते आम्लधर्मी द्रावणात असते आणि मिसळले की लगेच गढूळते. एकच प्लास्टिक सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्याने तिच्या आतले सिलिकॉन तेल बाटलीत उतरूनही धुरकटपणा येतो. कारण कोणतेही असो, बाटली बाद.

गढूळ इन्सुलिनची परीक्षा ते मिसळल्यावर करायची असते. बाटली किंवा पेन दोन तळहातांत दहा वेळा आडवे फिरवायचे, मग दहा वेळा उलटसुलट करायचे. जोरात हलवायचे नाही. नीट मिसळले की ते वरपासून खालपर्यंत एकसारखे दुधाळ दिसते. बिघडलेले असेल तर नासलेल्या दुधासारखे फुटते: पांढरे कण वेगळे, पाणी वेगळे. कधी काचेच्या आतल्या बाजूला दव गोठल्यासारखा पांढरा थर चढतो, कधी तळाला बसलेला साका काही केल्या उठत नाही.

मिसळण्यातला आळसही बिघाडासारखा दिसतो. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात एनपीएचची पेने वापरणाऱ्यांची कार्ट्रिजे तपासली, तेव्हा त्यातल्या औषधाचे प्रमाण अपेक्षेच्या ५ टक्क्यांपासून २१४ टक्क्यांपर्यंत होते, आणि फार थोडे रुग्ण पेन पुरेसे फिरवत होते. अशा माणसाची साखर एक दिवस २५० आणि दुसऱ्या दिवशी ६० आली तर बाटलीला दोष देता येत नाही. कार्ट्रिजमधला बुडबुडाही बिघाडाची खूण नव्हे, तो सुई लावून ठेवल्याची खूण आहे.

डोळ्यांच्या परीक्षेची मर्यादा इथेच आहे. ती एकाच बाजूने खरी ठरते: बिघडलेले दिसले तर ते बिघडलेलेच, पण चांगले दिसले म्हणून चांगले असेलच असे नाही. ताकद निम्म्याने घटलेले स्वच्छ इन्सुलिन काचेसारखे नितळ दिसू शकते, आणि एका रात्री गोठून सकाळी वितळलेल्या बाटलीवरही कसलीच खूण नसू शकते. लसीच्या बाटलीवर उष्णता लागली की रंग बदलणारी चौकट असते, तशी सोय इन्सुलिनच्या बाटलीवर नसते. मग भरवसा उरतो तो बाटलीच्या इतिहासावर: कुठून घेतली, कधी उघडली, कुठे ठेवली, गोठली होती का. हा इतिहास माहीत नसलेली बाटली, मग ती शेजाऱ्याने दिलेली असो वा जुन्या सामानात सापडलेली, न वापरलेलीच बरी.

साखर अचानक चढते तेव्हा

खाण्यात, औषधात, हालचालीत काही बदल नसताना साखर दोन-तीन वेळा सलग चढलेली आली तर इन्सुलिनवर शंका घ्यायला हवी. पण शंका घेण्याआधी रोजची कारणे पाहून घ्यावीत. ताप किंवा जंतुसंसर्ग आहे का. डोस चुकला आहे का, सिरिंज बरोबर मापाची आहे का. पेनची सुई तुंबली आहे का, हे टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून कळते. एकाच जागी वर्षानुवर्षे टोचल्याने कातडीखाली चरबीच्या गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही; पोटावर बोट फिरवले तर त्या हाताला लागतात. पुष्कळ वेळा ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ या तक्रारीचे मूळ या गाठींत निघते.

हे सर्व ठीक असेल तर नवी बाटली उघडायची आणि नेहमीचाच डोस घ्यायचा. साखर उतरली तर उत्तर मिळाले. जुन्याच बाटलीतून डोस वाढवत नेण्याचा मोह टाळावा. निम्मी ताकद उरलेल्या बाटलीतून २० ऐवजी ३५ युनिट घेण्याची सवय झाली, आणि महिन्याच्या अखेरीस नवी बाटली उघडली, की तेच ३५ युनिट पूर्ण ताकदीचे जातात. रात्री झोपेत साखर कोसळण्याचे हे एक कारण असते, आणि त्याचे मूळ बाटलीत आहे हे क्वचितच कुणाच्या लक्षात येते.

टाइप १ मधुमेहात वाट पाहायला वेळ नसतो. शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नसल्याने निकामी बाटलीतून घेतलेले एक-दोन डोस म्हणजे इन्सुलिनशिवाय गेलेला दिवस. साखर चढलेली असताना मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा गोडसर वास यांपैकी काही दिसले तर ती केटोआम्लतेची, म्हणजे रक्तात आम्ल साठल्याची, लक्षणे असतात. तेव्हा ताज्या बाटलीतून डोस घेऊन लगेच रुग्णालय गाठावे लागते. म्हणून अशा घरात न उघडलेली एक बाटली नेहमी शिल्लक असावी, आणि शक्य असेल तर ती वापरातल्या बाटलीपासून वेगळ्या जागी. दोन्ही एकाच बंद पडलेल्या फ्रीजमध्ये असतील तर दुसऱ्या बाटलीचा आधार उरत नाही.

बाद ठरवलेली बाटली घरात ठेवू नये, कारण काही दिवसांनी ती चांगल्या बाटल्यांत मिसळते. लेबलावर मोठी फुली मारून ती बाजूला काढावी आणि पुढच्या भेटीत दवाखान्यात नेऊन द्यावी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात जमवाव्यात. घरच्या कचऱ्यात टाकलेली सुटी सुई सफाई कामगाराच्या हाताला लागते.